निगेटिव्ह रिपोर्ट आणा, मग पाठवा : नर्सरीच्या दारातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मुंबईच्या पूर्व उपनगरात मी एक छोटी बालवाडी चालवते. नर्सरीचा एकच वर्ग, २२ मुलं, दोन शिक्षिका आणि एक मावशी. हे प्रकरण २०२२ सालच्या जानेवारी ते मार्च या काळातलं आहे. मुलीच्या आईवडिलांना विचारून लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलीला इथे मनू म्हणू. वय तेव्हा ३ वर्षं ४ महिने.

मनूचा जन्म २०१८ च्या सप्टेंबरमधला. म्हणजे तिला कळायला लागलं तेव्हा कोविडमुळे घराबाहेरचं जग बंद होतं. बाग माहीत नाही, वाढदिवसांच्या पार्ट्या माहीत नाहीत, दुसरं मूल हातातलं खेळणं ओढून घेतं म्हणजे काय होतं तेही माहीत नाही. घरात आई, बाबा आणि बाबांची आई. आजींना पंधरा वर्षांपासून मधुमेह. आई आणि बाबा दोघंही नोकरी करणारे. आईचं ऑफिस फेब्रुवारीपासून आठवड्यातले तीन दिवस प्रत्यक्ष सुरू होणार होतं. नर्सरीचे अडीच तास हा त्या घराच्या वेळापत्रकाचा कणा होता. मुलं शाळेत का पाठवायची यावर मोठमोठ्या गोष्टी बोलल्या जातात, पण आजींना दुपारी जेवणाआधी जरा पाठ टेकता येणं हेही एक कारण असतंच.

त्या जानेवारीत कोविडच्या ओमायक्रॉन प्रकाराची लाट होती. ७ जानेवारीला मुंबईत एका दिवसात २०,९७१ रुग्ण नोंदवले गेले आणि महिना संपेपर्यंत ती लाट ओसरलीही. राज्य सरकारने २४ जानेवारीपासून पूर्वप्राथमिक वर्गांसह शाळा उघडायला परवानगी दिली, पालकांचं संमतीपत्र घेण्याच्या अटीवर. आम्ही दोन आठवडे थांबून ७ फेब्रुवारी, सोमवार हा दिवस ठरवला.

मनूच्या बाबांचा घसा २० जानेवारीला दुखायला लागला. त्यांनी औषधाच्या दुकानातून २५० रुपयांचा घरगुती अँटिजेन किट आणला. दोन रेघा उमटल्या. शनिवारी, २२ तारखेला, मनूला १०१.५ ताप. रविवारी घरी माणूस बोलावून सगळ्यांची आरटीपीसीआर केली. आई, बाबा, मनू पॉझिटिव्ह. आजी निगेटिव्ह. मनूचा ताप सोमवारी रात्री उतरला तो उतरलाच. मंगळवारी तिने वरणभात मागून खाल्ला आणि सोफ्यावरून उड्या मारायला सुरुवात केली. राहिला तो फक्त खोकला, सकाळी उठल्यावरचा आणि रात्री झोपतानाचा.

अडचण

अडचण मी निर्माण केली, हे आधीच सांगून टाकते.

३१ जानेवारीला मी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सूचना टाकली : ज्या मुलांना जानेवारीत कोविड झाला असेल त्यांनी निगेटिव्ह आरटीपीसीआर रिपोर्ट आणावा, त्याशिवाय वर्गात घेता येणार नाही.

हा नियम मला कुणी करायला सांगितलेला नव्हता. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने ५ जानेवारीला घरगुती विलगीकरणाचे नियम बदलले होते. पॉझिटिव्ह आल्यापासून किमान ७ दिवस झाले आणि सलग ३ दिवस ताप नसला की विलगीकरण संपलं, पुन्हा चाचणी करायची गरज नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. मी ते वर्तमानपत्रात वाचलेलं होतं. तरी नियम केला.

कारण सांगायचं तर ग्रुपवर आदल्या रात्री झालेली चर्चा. एका आईच्या घरी दीड महिन्याचं बाळ होतं, नर्सरीत येणाऱ्या मुलाचा धाकटा भाऊ. तिने विचारलं, "ताई, बाकीची मुलं बरी झालीत याची खात्री काय?" तिच्याखाली सहा जणांनी अंगठे लावले. माझ्या दोन शिक्षिकांपैकी एकीला रक्तदाबाचा त्रास आहे, तिनेही फोन केला. मला खात्री हवी होती, आणि कागद म्हणजे खात्री असं मला त्या क्षणी वाटलं. खरं तर मला कागदाच्या मागे उभं राहायचं होतं. उद्या काही झालं तर "रिपोर्ट होता हो" म्हणता आलं असतं.

मनूच्या घरी त्या सूचनेवरून दोन तट पडले. बाबांचं म्हणणं, करून टाकू ना, पाच मिनिटांचं काम आहे, सातशे रुपयांचा प्रश्न आहे, निगेटिव्ह येईल आणि विषय संपेल. मुलगी ठणठणीत आहे म्हटल्यावर निगेटिव्हच येणार, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. आईला पहिला स्वॅब आठवत होता. बाबांनी पाय धरले, तिने डोकं धरलं, आणि नंतर तासभर मनू पडद्यामागून बाहेर आली नव्हती. त्या दिवसापासून ती कानकोरण्याच्या कापसाच्या काड्या घेऊन बाहुलीच्या नाकात घालत होती. "हलायचं नाही हं, झालं झालं," असं त्या माणसाच्या आवाजात म्हणत.

समोरचे पर्याय

१ फेब्रुवारीला मनूच्या आईने त्यांच्या बालरोगतज्ज्ञांना फोन केला. त्या बाईंशी माझंही नंतर बोलणं झालं, त्यामुळे त्यांनी काय सांगितलं ते मला दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे. पर्याय चार होते.

पुन्हा आरटीपीसीआर. डॉक्टर याच्या साफ विरुद्ध होत्या. ही चाचणी विषाणूच्या जनुकीय द्रव्याचे तुकडे शोधते आणि ते सापडेपर्यंत दुप्पट-दुप्पट करत जाते. तुकडा जिवंत विषाणूचा आहे की मेलेल्याचा, हे तिला कळत नाही. बरं झालेल्या माणसाच्या नाकात असे तुकडे कित्येक आठवडे, कधीकधी तीन महिन्यांपर्यंतही मिळतात. त्यांनी मनूच्या आईला सांगितलं, "विसर्जनानंतर मांडवात झेंडूच्या पाकळ्या सापडतात ना, तसं आहे. गणपती बसला होता एवढं त्यावरून कळतं. अजून बसलाय का, ते नाही कळत."

घरगुती अँटिजेन. याला पुष्कळ विषाणू लागतो तेव्हा रेघ उमटते. म्हणून आजाराच्या सुरुवातीला तो काही जणांना चुकीने निगेटिव्ह दाखवतो, पण नेमक्या त्याच कारणाने आजाराच्या शेवटी तो जास्त उपयोगाचा. दहाव्या दिवशी तो निगेटिव्ह आला तर मूल इतरांना आजार देण्याची शक्यता कमी, असं बऱ्यापैकी म्हणता येतं. स्वॅबही नाकात फार आत जात नाही. पण माझ्या सूचनेत "आरटीपीसीआर" असं लिहिलेलं होतं, आणि घरी केलेल्या चाचणीवर ना शिक्का असतो ना सही.

डॉक्टरांची चिठ्ठी. सात दिवस झाले, ताप नाही, मूल तपासलं, शाळेत जायला हरकत नाही. डॉक्टर द्यायला तयार होत्या. मनूच्या आईला वाटलं, शाळा ऐकणार नाही. तिने मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. बहुतेक "नियम सगळ्यांना सारखा" असंच म्हटलं असतं.

काही न करता थांबणं. आणखी दोन आठवडे घरी ठेवायचं. सगळ्यात सोपं दिसणारं, पण आईच्या ऑफिसच्या तारखा ठरलेल्या होत्या. शिवाय सगळी मुलं एकदम पहिल्यांदा शाळेत येतात, एकदम रडतात आणि एकदम रुळतात. त्या गर्दीत रडणं सोपं असतं. मागाहून एकटं येणारं मूल एकटं रडतं. हे मी पंचवीस वर्षं बघते आहे.

एक प्रश्न मात्र त्या तीन दिवसांत कुणीच विचारला नाही. मी नाही, बाबांनी नाही, आईनेही नाही. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर काय करायचं? निगेटिव्ह आला तर शाळेत, हे ठरलेलं होतं. दुसऱ्या उत्तरासाठी कुणाकडेच काही ठरलेलं नव्हतं.

काय केलं आणि काय झालं

२ फेब्रुवारीला, पहिल्या चाचणीनंतर दहाव्या दिवशी, मनूचा स्वॅब घेतला गेला. ३ तारखेला संध्याकाळी रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह.

रिपोर्टवर सीटी व्हॅल्यू ३३ होती. पहिल्या रिपोर्टवर ती २१ होती. विषाणू सापडायला दुप्पट करण्याच्या किती फेऱ्या लागल्या, तो हा आकडा. फेऱ्या जास्त लागल्या म्हणजे मूळ माल कमी. बारा फेऱ्यांचा फरक म्हणजे ढोबळमानाने चार हजारपटीचा फरक. मनूच्या बाबांनी हा हिशेब रात्री बसून केला आणि मला पाठवला. ते इंजिनिअर आहेत. हिशेब बरोबरच होता, पण डॉक्टरांनी त्यावरही फार विसंबू नका म्हटलं, कारण स्वॅब नीट घेतला गेला की नाही, किट कोणता, यावरही तो आकडा वरखाली होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही (आयसीएमआर) फक्त सीटी व्हॅल्यूवरून संसर्गाचा निर्णय करू नये असं सांगितलेलं होतं. ३५ पर्यंत सगळं पॉझिटिव्हच. रिपोर्टवर लाल अक्षरांत आलेला शब्द ३३ साठीही तोच आणि २१ साठीही तोच.

त्या लाल शब्दाने घरात जे केलं ते पहिल्या वेळेच्या तापानेही केलं नव्हतं. आजी पुन्हा स्वतःच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. मनू दाराबाहेर बसून "आजी, तू ये ना" करत राहिली. आजींचा दुसरा डोस मे महिन्यातला, त्यामुळे बूस्टरसाठी लागणारे नऊ महिने फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पूर्ण होणार होते. त्यांना वाटलं, आता तोही लांबणार. महापालिकेच्या वॉर्डमधून चौकशीचा फोन आला, कारण प्रयोगशाळेतून नोंद वर गेली होती. आईने जुना रिपोर्ट सांगितला तेव्हा पलीकडच्या मुलीने विचारलं, "मग पुन्हा का केली टेस्ट?" आई मला म्हणाली, त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी म्हटलं, शाळेने मागितली.

४ फेब्रुवारीला मी दुसरी चूक केली. ग्रुपवर लिहिलं : "एका मुलाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आहे. ते मूल सध्या येणार नाही. काळजी नसावी." नाव घेतलं नव्हतं. पण जानेवारीत कोविड झालेली तीनच मुलं होती, दोघांचे निगेटिव्ह रिपोर्ट त्यांच्या आयांनी अभिमानाने ग्रुपवरच टाकले होते. राहिलं कोण, हे काढायला गणित लागत नव्हतं. मनूच्या सोसायटीत राहणाऱ्या एका पालकाने लिफ्टमध्ये मनूला पाहून पुढची लिफ्ट घेतली. मनूच्या आईने ही गोष्ट मला दोन आठवड्यांनी सांगितली. तक्रारीच्या सुरात नाही, म्हणून जास्त लागली.

शनिवारी मी स्वतः डॉक्टरांना फोन केला, मनूच्या आईची परवानगी घेऊन. मला वाटलं होतं त्या "आठ दिवसांनी पुन्हा टेस्ट करा" म्हणतील. त्या म्हणाल्या, "आठ दिवसांनी पॉझिटिव्ह आली तर पुन्हा आठ दिवस? मग पुन्हा? तुम्ही मुलीला शाळेत घेणार कधी, एप्रिलमध्ये?" मग जरा थांबून म्हणाल्या, "तुम्हाला नक्की कशाची भीती आहे ते सांगा. त्याला औषध काय ते बघू."

मी सांगितलं. दीड महिन्याचं बाळ, रक्तदाबवाली शिक्षिका, आणि मास्क. कारण ही तीन वर्षांची मुलं मास्क लावत नाहीत, लावला तर चघळतात. २० जानेवारीच्या केंद्राच्या सूचनेतही पाच वर्षं आणि त्याखालच्या मुलांना मास्कची शिफारस नव्हती. डॉक्टर म्हणाल्या, मग तुम्ही सातऐवजी दहा दिवस धरा, तेवढं समजण्यासारखं आहे. खिडक्या उघड्या ठेवा. शिक्षिकेला चांगला मास्क द्या. आज ज्याला ताप आहे, जे मूल मलूल आहे, ते घरी ठेवा. महिन्याभरापूर्वी कोण आजारी होतं यापेक्षा आज सकाळी कोण आजारी आहे, ते बघा.

७ तारखेला शाळा उघडायची होती ती उघडली नाही. रविवारी लता मंगेशकर गेल्या आणि सोमवारी राज्यात सुट्टी जाहीर झाली. मंगळवारी, ८ तारखेला, २२ पैकी १७ मुलं आली. मनू नव्हती.

९ फेब्रुवारीला रात्री मी पालकांची ऑनलाइन सभा घेतली आणि रिपोर्टचा नियम मागे घेतला. नवा नियम असा : आजाराच्या पहिल्या दिवसापासून दहा दिवस, त्यातले शेवटचे तीन औषधाशिवाय बिनतापाचे, आणि मूल नेहमीसारखं खातं-खेळतं. कुठलाही रिपोर्ट नको. उरलेला खोकला चालेल. सभा सुखाची झाली नाही. "आधी मागितला, आता नको म्हणता, म्हणजे काय?" हा प्रश्न रास्तच होता. निगेटिव्ह रिपोर्ट आणलेल्या एका बाबांनी पैसे वाया गेल्याचं बोलून दाखवलं. बाळाच्या आईने तिच्या मुलाला जूनपर्यंत न पाठवण्याचं ठरवलं.

मनू १४ फेब्रुवारीला आली. पहिल्या चाचणीपासून बाविसावा दिवस. नव्या नियमाने ती ८ तारखेलाच येऊ शकली असती. मला भीती होती तशी ती एकटीच रडली, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी खेळण्यातल्या हत्तीच्या सोंडेत खडू घालून "हलायचं नाही हं" करत होती. शेजारच्या मुलाने आपली बाहुली पुढे केली. मग चौघांनी रांग लावली. हा खेळ थांबवावा का, असं माझ्या शिक्षिकेने विचारलं. आम्ही थांबवला नाही.

दुसरा ताप

इथपर्यंतचं प्रकरण "चाचणी करू नये" एवढंच सांगतं असं वाटेल. म्हणून पुढचं.

मराठी भाषा दिन २७ ला रविवारी येत होता, म्हणून आम्ही गाणी शुक्रवारीच उरकली. २५ फेब्रुवारीच्या त्या संध्याकाळी मनूला पुन्हा ताप आला, १०२. नाक वाहत होतं. वर्गात त्या आठवड्यात आणखी तीन मुलांना सर्दी होती. नर्सरीच्या पहिल्या वर्षात मुलांना वर्षाला सहा-आठ सर्द्या होणं अगदी नेहमीचं, काहींना त्याहून जास्तच होतात. २०२० आधी कुणी त्याची बातमी करत नसे. आता मात्र त्या घरात पहिला प्रश्न तोच : पुन्हा टेस्ट करायची का?

यावेळी आईने तो प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारला. तिने कागद घेतला आणि दोन रकाने केले. पॉझिटिव्ह आलं तर काय करू, निगेटिव्ह आलं तर काय करू. आरटीपीसीआर तर बादच होती. पहिल्या आजाराला अजून पाच आठवडेही झाले नव्हते; पॉझिटिव्ह आली असती तर नव्याने की जुन्याने, हे कुणालाच सांगता आलं नसतं. अँटिजेनचा विचार झाला. पॉझिटिव्ह आलं तर : मनूला घरी ठेवायचं, आजींपासून वेगळं झोपवायचं, भरपूर पाणी, तापाचं औषध वजनाच्या मापाने. निगेटिव्ह आलं तर : मनूला घरी ठेवायचं, आजींपासून वेगळं झोपवायचं, भरपूर पाणी, तापाचं औषध. दोन्ही रकाने सारखे निघाले. आजींचा बूस्टर आदल्याच आठवड्यात झाला होता. नाकात काडी घालायची नाही असं ठरलं. बाबांना हे पटलं नव्हतं. घरात मधुमेही माणूस असताना अँटिजेन करायलाच हवी होती, रकाने सारखे दिसत असले तरी आजींनी स्वतः किती जपलं असतं त्यात फरक पडला असता, असं त्यांचं म्हणणं. यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही.

तिसऱ्या दिवशीही ताप उतरेना. रविवारी रात्री मनू उठून रडायला लागली. काय होतंय, सांगता येत नव्हतं. सोमवारी सकाळी डॉक्टरांकडे नेलं. हातमोजे बघताच तिने दोन्ही हातांनी नाक घट्ट झाकलं. डॉक्टर म्हणाल्या, "नाक नकोच आहे मला, ते ठेव तुझ्याकडे. कान बघू दे." उजवा कान आतून लालभडक, पडदा फुगलेला. सर्दीनंतर लहान मुलांना होतो तो कानाचा संसर्ग. औषध सुरू झालं आणि मंगळवारी, महाशिवरात्रीला, ताप उतरला.

सगळ्यांचं लक्ष नाकाकडे होतं आणि दुखत होता कान. अँटिजेन केली असती आणि निगेटिव्ह आली असती तर "कोविड नाही ना, मग साधी सर्दी" म्हणून कदाचित आणखी दोन दिवस घरीच काढले असते. दोन रेघा उमटल्या असत्या तर "कोविड आहे, ताप राहणारच" म्हणून काढले असते. हे माझं अनुमान आहे, त्याला पुरावा नाही. पण चाचणीच्या उत्तराने मुलाकडे बघणं थांबतं, हे मी फेब्रुवारीत स्वतःवरून पाहिलं होतं. मनूला प्रत्यक्ष पाहण्याआधी तिचा रिपोर्ट पाहिलेली मी एक होते.

मनू ४ मार्चला शाळेत आली. तिच्या आईने विचारलं, "ताई, डॉक्टरांची चिठ्ठी आणू?" मी म्हटलं, "ताप कधी उतरला?" "मंगळवारी." एवढंच.

आज तीच वेळ आली तर

मी माझ्यापुरतं सांगते. ३१ जानेवारीची ती सूचना लिहिण्याआधी मी एका बालरोगतज्ज्ञांना फोन केला असता. पाच दिवसांनी केलाच, तो आधी करता आला असता. माझ्या भीतीची यादी डॉक्टरांनी माझ्याकडून काढून घेतली, ती मी स्वतः कागदावर काढायला हवी होती. कारण त्या यादीतल्या एकाही भीतीवर मनूचा रिपोर्ट हे उत्तर नव्हतं. बाळाला धोका होता तो जानेवारीत बरं झालेल्या तीन मुलांकडून नव्हता. उरलेल्या एकोणीस मुलांपैकी ज्याला आज-उद्या नवा संसर्ग होईल त्याच्याकडून होता, आणि त्या एकोणिसांकडे मी काहीच मागितलं नव्हतं.

ग्रुपवरचा तो "एका मुलाचा" संदेश मी टाकलाच नसता. ज्यांना खरोखर सावध करायचं होतं, म्हणजे मनूशी त्या आठवड्यात कुणी खेळलं असेल तर त्यांना, वेगळा फोन करता आला असता. तसं कुणीच नव्हतं, शाळा उघडलीच नव्हती.

मनूच्या आईला मी विचारलं, तुम्ही काय वेगळं केलं असतं? ती म्हणाली, डॉक्टरांनी नको म्हटल्यावर मी तुम्हाला फोन करायला हवा होता. मला वाटलं, शाळा सुरू होण्याआधीच भांडखोर आई म्हणून नाव पडेल. हे ऐकून मी गप्प बसले. पालकाला असं वाटत असेल तर नियम लिहिताना खाली एक ओळ हवी : हा नियम तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याशी जुळत नसेल तर मला फोन करा. आता आमच्या प्रवेशाच्या अर्जावर ती ओळ आहे. तिच्या खाली माझा नंबर. पहिल्या वर्षी त्या ओळीवरून चार फोन आले. त्यातला एक फक्त, डब्यात मॅगी चालते का, हे विचारायला होता.

बाबांचं मत बदललेलं नाही. ते म्हणतात, चूक चाचणीची नव्हती, चुकीची चाचणी निवडल्याची होती. दहाव्या दिवशी अँटिजेन मागितली असती तर मनू ८ तारखेला पहिल्या बाकावर असती आणि बाळाच्या आईलाही दाखवायला काहीतरी मिळालं असतं. डॉक्टरांना मी हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "त्यांच्या म्हणण्यात चूक नाही. पण तीन वर्षांच्या मुलीला दाखवण्यासाठी धरायचं का, ते त्यांनी ठरवावं. पाय त्यांनीच धरले होते ना?"

बाळाच्या आईचा मुलगा जूनमध्ये आला, बाळ तेव्हा सहा-सात महिन्यांचं झालं होतं. तिच्याशी त्या रात्रीच्या प्रश्नावर मी पुन्हा बोलले नाही. "खात्री काय?" याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. खिडक्या उघड्या आहेत, ताप असलेलं मूल आम्ही घरी पाठवतो, आणि सकाळी दारात मावशी प्रत्येकाच्या कपाळाला हात लावते. थर्मामीटर आहे, पण ती हातच लावते.